जर्जीर आणि चौथी जागा

मी तिच्यावर जळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी नायट्रेट, बीट आणि लॅब यांच्याबद्दल जे लिहीन ते कुणी निव्वळ विज्ञान समजून वाचणार नाही.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये पिण्याच्या पाण्याचा एक कारखाना होता, तिथे मी केमिस्ट होते. पाच गॅलनच्या बाटल्या भरायच्या, त्या ऑफिसांत आणि साइटवर जायच्या. माझं काम म्हणजे दर दोन तासांनी लाइनवरून नमुना उचलायचा, त्यातलं काय काय मोजायचं आणि सही करायची. माझी सही झाल्याशिवाय एक बाटली गेटबाहेर जात नसे. माझे वडील एसटीच्या डेपोत गाड्या धुवायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि बी.एस्सी. झालेली तर आमच्या आळीतही मीच पहिली. गल्फमध्ये येताना पदवी साक्षांकित करून घ्यावी लागते. माझ्या त्या कागदाच्या मागे इतके शिक्के बसलेत की पुढून छापलेलं मागून दिसत नाही. तो कागद मी अधूनमधून उलटा करून बघायचे. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दोन हजार आठच्या शेवटी मंदी आली तेव्हा लॅबमध्ये आम्ही पाच जण होतो. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी एकटी उरले. साइट बंद पडल्या, माणसं परत गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांची तहानही गेली; बाटल्या निम्म्या झाल्या. आमच्या ह्यांची नोकरीही त्याच लाटेत गेली. आठ महिने ते घरी होते. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसायचे. तो इस्त्रीचा शर्ट मला बघवायचा नाही, म्हणून मी ड्यूटी सुटल्यावर घरी जायच्या आधी पळायला लागले. शाळेत मी पंधराशे मीटरला जिल्ह्यापर्यंत गेले होते. पाय विसरले नव्हते. पुढे ह्यांना अल ऐनला काम मिळालं, ते आठवडाभर तिकडे राहू लागले, गुरुवारी संध्याकाळी यायचे. पळणं मात्र राहिलं.

दर हिवाळ्यात दुबई मरीनात वेगवेगळ्या कंपन्यांच्या बायकांची रिले व्हायची. एका टीममध्ये चौघी, प्रत्येकीने पाच किलोमीटर. मंदीच्या आधी आमची कंपनी बस, टी-शर्ट, नाश्ता सगळं द्यायची. नंतर नुसतं नाव द्यायची, पण नाव द्यायची हे काय कमी होतं. शेवटचा, चौथा टप्पा सलग तीन वर्षं माझा होता. एरवी कारखान्यात मला नाव नव्हतं. ‘लॅबला विचारा’, ‘लॅबने सही केली का’, ‘लॅब नमाजाच्या वेळी कुठे गेली’. वर्षातून त्या एका सकाळी शेवटच्या वळणावर सगळे माझ्या नावाने ओरडायचे. मला त्या ओरडण्याची सवय लागली होती.

आणि मग ती आली.

ती डिस्पॅचला लागली, कुठल्या ट्रकमध्ये किती बाटल्या चढल्या ते कॉम्प्युटरवर चढवायला. रत्नागिरीच्या खाली खाडीकाठच्या एका गावातली. नवरा दुबईतल्याच देऱ्यात एका दुकानात, दोन पोरं, धाकटा जेमतेम दोन वर्षांचा. शिक्षण बारावी. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी सहीसाठी कागद घेऊन लॅबच्या दारात उभी राहिली, माझा फोन चालला होता तो ऐकला आणि म्हणाली, “काय ओ ताई, तुम्ही मराठी काय?”

“फलटणची.”

“मग बरोबर. पाणी नाही तिकडची माणसं इकडे पाणी तपासायला ठेवलीत.”

मी हसले नाही. ती हसली, आणि तिच्याबरोबर मागचा फोर्कलिफ्टवालाही हसला, ज्याला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं. हे तिचं असं होतं. चार दिवसांत अख्ख्या कारखान्याला तिचा आवाज पाठ झाला.

कारखान्यामागचा रस्ता चौकोनी आहे. कामगारांच्या इमारती, मग गोदामं, मग मोकळी वाळू, आणि पुन्हा आमचं गेट. तीन फेऱ्या मारल्या की पाच किलोमीटर. मी एकटीच मारायचे. एका संध्याकाळी ती म्हणाली, बस सुटायला तास आहे, येऊ का मीपण? कापडी बूट, लांब बाह्यांचा सैल शर्ट, डोक्याला स्कार्फ घट्ट पिना लावून. म्हटलं ये, अर्धी फेरी झाली की बसेल गेटवर.

दुसऱ्या फेरीत ती बोलत होती. धाकट्याला दात येतायत, सासूला इथलं हवामान मानवत नाही, लहानपणी भरती यायच्या आत शाळेतून खाडीतून पळत घरी यायला लागायचं, उशीर झाला की लांबचा वळसा. मला बोलता येत नव्हतं म्हणून मी मान हलवत होते. तिसऱ्या फेरीत ती म्हणाली, “ताई, तुम्ही या हळूहळू, मी पुढे होते. बस चुकायची.” आणि गेली. तिच्या पाठीचा शर्ट फुगलेला दिसत होता, मग तोही दिसेना.

एचआरचे साहेब, केरळचे, गेटवर सिगरेट ओढत उभे होते. त्यांनी तिला येताना पाहिलं आणि मग, बऱ्याच वेळाने, मला येताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आले. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, “मॅडम, तीन लेडीज तो फिक्स है. चौथे के लिए इस बार ट्रायल करेंगे. टाइमिंग बोलेगा, हम नहीं बोलेगा.”

“कब?”

“आठ हफ्ते बाद. थर्सडे, शिफ्ट के बाद.”

मी म्हटलं ठीक आहे. सहीची वही उघडली आणि तेच पान दोनदा वाचलं.

तेव्हापासून माझं तिच्याकडे लक्ष राहू लागलं. ती काय खाते, किती झोपते, पायात काय घालते. ती कधी वेळ लावून पळायची नाही. मी पळायचे तर त्याची नोंद ठेवायचे, लॅबच्या वहीत ठेवतात तशी, तारीख, हवामान, फेरीगणिक वेळ. ती दारात ट्रक थांबलेला असताना दोन खजूर तोंडात टाकून पळायला यायची. मला वाटायचं, हिच्याकडे काहीतरी आहे. पायाशिवाय दुसरं काहीतरी. नुसते पाय चांगले असणं मला पटत नव्हतं. मी शिकलेली, मी मोजणारी, मी तीन वर्षं सांभाळलेली जागा; आणि ही खाडीतून पळत आलेली.

पाण्यातले जंतू मारायच्या ओझोनच्या मशीनची देखभाल करायला महिन्यातून एकदा एक इंग्रज इंजिनिअर यायचा. पन्नाशीचा, सायकलवेडा. त्याच्या बॅगेत लाल रसाची छोटी बाटली असायची. मी विचारलं तर म्हणाला, बीट. सायकलवाले सगळे हल्ली पितात. “त्यात नायट्रेट असतं,” म्हणाला, “ते तुम्हालाच जास्त माहीत असणार.”

मला नायट्रेट माहीत होतंच. रोज मोजत होते. पाण्यात ठरलेल्या मर्यादेवर गेलं तर अख्खी बॅच ओतून द्यायची, हे माझं काम. त्या रात्री घरी कॉम्प्युटरवर वाचत बसले. पोटात गेलेलं नायट्रेट शरीरात फिरून दुसरंच काहीतरी होतं, रक्तवाहिन्या सैल करतं, स्नायूंना तेवढ्याच कामाला प्राणवायू कमी लागतो. म्हणजे तोच दम जास्त पुरतो. आयुष्यभर ज्याला चोर म्हणून पकडलं तो लोकांच्या घरात जावई होऊन बसलेला निघाला.

मी कुणाला सांगितलं नाही. तिला तर नाहीच.

सकाळी मिक्सरला बीट लावायचे, गाळायचे, बाटलीत भरायचे. पळायच्या अडीच तास आधी लॅबमध्ये दार लोटून प्यायचे. मातीसारखी चव. पहिल्या सकाळी गाळताना चव घेतली तेवढ्यात माझी मुलगी म्हणाली, “आई, युअर टंग इज पर्पल. इट्स डिसगस्टिंग.” आणि त्याच संध्याकाळी गेटवर ती म्हणाली, “ताई, पान खाल्लंत? मला नाही आणलंत.”

“डाळिंब,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी रस प्याले की लगेच तोंड धुवायला लागले. साध्या पाण्याने तो रंग जाईना. मग ते निळं, जळजळीत माउथवॉश आणलं, ज्याच्यावर जंतू मरतात म्हणून लिहिलेलं असतं. अर्धा मिनिट गुळण्या, पुन्हा अर्धा मिनिट. डोळ्यांत पाणी यायचं. जीभ आरशात बघायचे, स्वच्छ झाली की दार उघडायचे. तिला कळू नये एवढंच डोक्यात होतं.

तीन आठवडे झाले. वहीतली वेळ जागची हलली नाही. एकदा सात सेकंद कमी झाली, पुढच्या दिवशी अकरा वाढली. ती मात्र हसत बोलत माझ्यापुढे जातच होती, आणि आता तर दुसऱ्याच फेरीत.

मग मी तिच्या डब्यावर आले.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही पँट्रीत बसायचो. तिचा डबा म्हणजे भात, बांगडा किंवा जे असेल ते तळलेलं, आणि जर्जीरची एक अख्खी जुडी. जर्जीर इथे कुठल्याही बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात मिळते. लांबट कातरलेली पानं, कच्ची खातात, अरबी लोक माशाबरोबर आणि ग्रिलबरोबर खातात. ती नळाखाली धुवायची, झटकायची आणि आमच्याकडे जेवताना मुळा खातात तशी देठासकट चावत बसायची.

“घ्या ना ताई. मिरमिरीत लागते.”

“नको.”

“हिच्याशिवाय आता घास जात नाही मला. धाकटापण चावतो. दात शिवशिवतात ना त्याचे.”

त्या आठवड्यात इंग्रज आला होता. त्याला मी सहज विचारतेय असं दाखवून विचारलं, बीटशिवाय आणखी कशात असतं? त्याने चार-पाच भाज्या सांगितल्या. सगळ्यात वरचं नाव म्हणून जे पान सांगितलं ते मला कळेना. मी कॉम्प्युटरवर त्याचं चित्र काढलं. जर्जीर.

पँट्रीच्या फ्रिजमध्ये ओल्या कागदात गुंडाळलेली तिची उरलेली अर्धी जुडी होती. मी तिच्यातले चार देठ काढले आणि एप्रनच्या खिशात घातले. चोरीच ती. लॅबमध्ये कुटले, पाण्यात ढवळले, हिरवा रंग मधे येऊ नये म्हणून कोळशातून दोनदा गाळले. एवढं मन लावून मी कंपनीच्या पाण्यासाठीही कधी केलं नव्हतं. शंभरपट पातळ केलं, तपासणीच्या रसायनाची पुडी टाकली, नळी हलवली. आमच्या त्या टेस्टमध्ये नायट्रेट असेल तर पाणी गुलाबी होतं. रोजच्या पाण्यात गुलाबी आहे की नाही हे नळी पांढऱ्या कागदावर धरून बघावं लागतं. इथे बघावं लागलं नाही. शंभरपट पातळ करूनही नळी जास्वंदीसारखी झाली.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. खुर्चीवर बसून मी त्या नळीकडे बघत होते आणि छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं. म्हणजे पाय नव्हेतच. पानं आहेत. तिला माहीतही नाही, बाजारातली जुडी चावते आणि पळते. कुणीही पळेल.

एवढ्यावर थांबले असते तर हे लिहायचं कारण नव्हतं. मीही जर्जीर खाल्ली असती, बस्स. पण मला तिच्याइतकं व्हायचं नव्हतं, तिला माझ्याइतकं करायचं होतं.

ट्रायलला दोन आठवडे होते. दुपारी ती सहीसाठी आली तेव्हा ती नळी मी मुद्दाम स्टँडवर पुढे ठेवली होती.

“हे काय ओ, गुलाबाचं सरबत?”

“तुझी जर्जीर.”

ती हसली. मी हसत नाही हे बघून थांबली.

“म्हणजे?”

“नायट्रेट. पाण्यात याच्या शंभराव्या हिश्श्याएवढं निघालं तरी मी सगळी बॅच गटारात ओतायला लावते.”

“पण सगळे खातात की.”

“सगळे तपासत नाहीत.” मग मी आणखी पुढे गेले. “लहान मुलांना तर देऊच नये. पाण्यातून जास्त गेलं तर बाळाचं अंग निळं पडतं. पुस्तकात आहे.”

माझं एकही वाक्य खोटं नव्हतं. पाण्यातलं नायट्रेट, बाटलीचं दूध पिणारं तान्हं बाळ, हे सगळं पुस्तकात आहे. दोन वर्षांचं पोर आणि भाजीची जुडी त्या पुस्तकात नाही, एवढंच मी बोलले नाही.

तिचा चेहरा उतरला. “तो रोज चावतो ओ ताई,” म्हणाली. मग उभ्या उभ्या फोन लावून सासूला सांगितलं, घरातली आहे ती टाकून द्या, त्याच्या हातात देऊ नका. फोन ठेवून मला म्हणाली, “बरं झालं सांगितलंत. आम्हाला काय कळतं. तुम्ही शिकलेल्या.”

माझ्या शिक्षणाला इतकं कुणी मानलं नव्हतं. सख्ख्या भावानेही नाही.

शुक्रवारी हे घरी होते. जेवताना मी गोष्ट सांगितली. अर्थात मला हवी तशी: डिस्पॅचमधल्या बाईला सावध केलं, बिचारी पोराला विष चारत होती. ते आमटी भुरकत ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, “आणि बिटात काय असतं?”

“कुठल्या बिटात?”

“मी येतो तेव्हा सिंकमध्ये रक्त सांडल्यासारखं दिसतं त्या.”

मुलगी खाली बघून हसली.

“ते वेगळं,” मी म्हटलं.

“काय वेगळं?”

मी भात वाढायला उठले. हे साधे माणूस आहेत, आठ महिने सोफ्यावर बसून त्यांनी कुणाला दोष दिला नव्हता. पुढे काही विचारलं नाही त्यांनी. विचारलं असतं तर भांडून मोकळी झाले असते.

तरी मी तिला काही सांगितलं नाही. स्वतःशी म्हणत राहिले, ट्रायल होऊ दे, मग सांगू. दोन आठवडे जर्जीर न खाल्ल्याने कोण मरतं.

ट्रायलच्या गुरुवारी हवा छान होती, डिसेंबरातली. एचआरचे साहेब स्टॉपवॉच घेऊन गेटवर. पहिली फेरी मी पुढे होते. मागे तिची पावलं ऐकू येत होती, आणि ती बोलत नव्हती. मला वाटलं, उतरलं. पानं उतरली अंगातून. दुसऱ्या फेरीत गोदामांच्या बाजूला वारा समोरून लागतो, तिथे ती शेजारी आली. मी जोर केला. तीही आली. कामगारांच्या इमारतीसमोर लोक क्रिकेट खेळत होते, ते थांबून बघायला लागले. तिसऱ्या फेरीच्या तोंडाशी तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, म्हणजे परवानगी मागितल्यासारखं, आणि पुढे झाली. तोच फुगलेला शर्ट. मी गेटवर पोचले तेव्हा ती पायऱ्यांवर बसून बूट झटकत होती.

बेचाळीस सेकंदांचा फरक. साहेबांनी मला वॉच दाखवलं. मग म्हणाले, “टाइमिंग बोल दिया, मॅडम. मेरा कुछ नहीं.”

ती माझ्याजवळ पाण्याची बाटली घेऊन आली.

“ताई, बसा. घोट घोट प्या.”

मी प्याले.

“खरं सांगू? तुमच्यामुळे झालं. जर्जीर सोडल्यापासून अंग इतकं हलकं वाटतंय. मी पॅकिंगच्या सगळ्या बायकांना सांगितलं. कुणी आणत नाही आता.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. शनिवारी मी कामावर जाताना कारखान्यासमोरच्या बकाल्यात दूध घ्यायला थांबले, तर काउंटरवरचा म्हणाला, “मॅडम, आपने लेडीज लोग को क्या बोला? पूरा जर्जीर सूख रहा है.” टोपलीत पिवळ्या पडलेल्या जुड्या होत्या. मी दूध न घेताच निघाले.

त्या दिवशी लॅबमध्ये मी पुन्हा वाचायला बसले. माझं बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं असं कुठेतरी लिहिलेलं सापडावं, यासाठी. तसं काही सापडलं नाही. सापडलं ते दुसरंच. भाजीतल्या नायट्रेटला कुणीच पाण्यातल्यासारखं वाईट म्हणत नव्हतं, उलट खा म्हणत होते. आणि हे नायट्रेट शरीराला उपयोगी पडायच्या आधी त्याच्यावर तोंडात काम व्हावं लागतं. जिभेच्या मागच्या भागावर जंतू राहतात, ते करतात ते काम. माउथवॉशने ते मारले की बीट पोटात जाऊन बसतं, उपयोग काही नाही. मी रोज प्याले आणि रोज, लगेच, निळ्या पाण्याने जीभ धुतली. केमिस्ट बाई.

आणखी एक गोष्ट होती, ती मी दोनदा वाचली. हे सगळे प्रयोग बहुतेक पुरुषांवर केलेले. बायकांवर थोडेच, आणि त्यांत कधी फरक दिसला, कधी नाही. नक्की कुणी सांगेना. म्हणजे मी तोंड धुतलं नसतं तरी मी पुढे गेले असते असं नाही. आणि तिचं पळणं जर्जीरमुळे होतं, असंही नाही. ती जर्जीर सोडून पळाली होती, माझ्यासमोर. मोजमाप तर झालंच होतं. मला ते वाचता येत नव्हतं असं नाही, वाचायचं नव्हतं.

मी उठून डिस्पॅचला गेले. ती चलनं लावत होती.

“बाहेर ये जरा.”

“सही राहिली काय ओ?”

“नाही. जर्जीरचं. मी सांगितलं ते बरोबर नव्हतं. खाल्लीस तरी चालते. पोरालाही चालते.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “मग ती नळी?”

“नळी खरी. मी लावला तो अर्थ खोटा.”

“असं का केलंत?”

मी काहीतरी जुळवणार होते, नवीन माहिती आली वगैरे. जुळवता आलं असतं. पण ती तशीच बघत होती.

“मला चौथी जागा हवी होती.”

फोर्कलिफ्ट आमच्यामधून गेली, मागे जाताना पीं पीं करत.

“मागायची होती मग,” ती म्हणाली.

“दिली असतीस?”

तिने विचार केला. “नाही. पण मागायची होती.”

मग तिचा राग वर आला. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “मी चार रात्री झोपले नाही ताई. त्याची नखं बघत होते. निळी झाली काय, निळी झाली काय. सासूला वाटलं मला वेड लागलं.”

माफ कर म्हटलं. ते शब्द त्या आवाजात, त्या जागी, फार लहान वाटले.

“पॅकिंगवर तुम्हीच सांगा,” ती म्हणाली. “मी सांगितलं तर म्हणतील, हिला काय कळतं. लॅबने सांगितलंय ना, लॅबनेच परत घ्यावं.”

चहाच्या सुट्टीत मी पॅकिंगला गेले. वीसेक बायका, नेपाळच्या, श्रीलंकेच्या, केरळच्या, हातात कागदी कप. मी हिंदीत सांगितलं की जर्जीर खा, काही होत नाही, माझी चूक झाली. मागून एकीने विचारलं, “लॅब का भी गलत होता है?”

“होता है,” मी म्हटलं.

“तो पानी?”

सगळ्या हसल्या. मीही हसायला हवं होतं. पाण्याचं कधी चुकलं नव्हतं, एकदाही नाही, आणि तेच मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं. तोंड मिटून परत आले. पुढचे कित्येक दिवस सहीची वही उघडली की तो प्रश्न आठवायचा.

ती माझ्याशी त्यानंतर आठवडाभर बोलली नाही. सहीचे कागद दुसऱ्याच्या हाती पाठवायची. मग एक दिवस स्वतःच आली. दारात उभी राहून म्हणाली, “रिलेला चौघींचे बूट सांभाळायला, पाणी धरायला कुणीतरी लागतं म्हणे. साहेब विचारत होते, तुम्ही येणार काय.”

“कुणी सुचवलं?”

“मी.”

मला ते दयेसारखं वाटलं, आणि शिक्षेसारखंही, आणि तिच्या चेहऱ्यावरून दोन्ही कळेना. हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर घरी बसून आणखी जळले असते.

मरीनात त्या सकाळी पाण्यावर बोटी स्तब्ध होत्या, आणि अर्धवट सोडलेल्या दोन टॉवरवर पुन्हा क्रेन हलायला लागल्या होत्या. तिघींचे टप्पे झाले. चौथ्याला ती उभी राहिली, त्याच लांब बाह्या, पण बूट नवे. जाताना स्कार्फची पीन मला दाबायला सांगितली. मी दाबली.

ती गेल्यावर साहेबांनी मला स्टॉपवॉच दिलं, ते स्वतः व्हिडिओ काढणार म्हणून. माझी तीन वर्षांतली सगळ्यात चांगली वेळ मला पाठ होती. साहेबांनाही पाठ होती, नोटीस बोर्डावर ती अजून लागलेली होती. हातातले आकडे पळत होते. खरं सांगते, ते अजून जोरात पळावेत असं मला वाटत होतं. तिला सांभाळून यावं, पडू नये, कुठे दुखू नये, पण उशीर व्हावा. थोडासा. बोर्डावरचा कागद राहावा एवढाच.

मग शेवटच्या वळणावर आमच्या लोकांनी तिच्या नावाने ओरडायला सुरुवात केली. माझ्याही तोंडून ते नाव निघालं, सगळ्यांबरोबर. तिने रेषा ओलांडली आणि मी बटण दाबलं, अगदी वेळेवर, माझा हात त्यात तरबेज आहे.

“कितना, मॅडम?” साहेबांनी विचारलं.

मी वॉच न बघताच त्यांच्या हातात दिलं आणि तिच्यासाठी पाणी आणायला गेले.